आतल्या दाराला खिडकी

होम मैदानावर गड्डा भरला होता.
मौत का कुआँच्या मागं,
जनरेटर आणि उतरवलेल्या पाळण्यांच्या मध्ये
त्यांची घरगाडी उभी होती,
चाकांना विटा लावून.

"यन्नम मिस्त्री तुम्हीच का? दार कापायचंय."
नवं बसवायचं नाही, जुनं काढायचं नाही.
आतल्या खोलीचं दार, शेगडीकडं उघडणारं,
त्याला खिडकी.

म्हणालो, बाई, खिडकी भिंतीला करतात.
आतल्या दारातनं बघायचं काय?
खुर्शीदबीनं बाही वर केली.
कोपरापासून मनगटापर्यंत
चकाकणारी, सुरकुतलेली कातडी.
"बार्शीत. मी आधण उतरवत होते,
ह्यांनी आतून दार ढकललं."
मग मी टेप काढला.

उंचीवरून भांडण.
इलाही दोन खेळांच्या मध्ये आला, हाताला ग्रीस,
बोट ठेवलं स्वतःच्या डोळ्यांसमोर.
ती म्हणाली, "तिथनं मला छत दिसेल."
पोरगी काहीच म्हणाली नाही,
नुसता पंजा टेकवला कडीच्या खाली.
तिघांचं ऐकलं तर दारच उरत नव्हतं.
शेवटी उभी फट आखली:
चार इंच रुंद, दोन हात लांब.

फ्लशचं दार. वरून सागवानी रंगाचा कागद,
करवत घातली तर आत पोकळ.
पुठ्ठ्याची जाळी,
माश्या सोडून गेलेल्या पोळ्यासारखी.
हलकी म्हणून असली दारं गाड्यांत घालतात.
कडांनी आतून पट्ट्या ठोकाव्या लागल्या,
नाहीतर खिडकी धरणार कशाला?
काच नको म्हणाली, घाटात टिकत नाही.
ॲक्रिलिक घातलं, भोवती रबर.

मध्येच पलीकडं मोटारसायकल सुरू झाली.
फळ्या थरथरायला लागल्या,
आवाज वर वर चढत गेला.
तिचे हात परातीत थांबले.
बघायला गेली नाही. ओठ तेवढे हलत होते,
फेऱ्या मोजत असावी.
मी करवत थांबवली.
"थांबू नका," म्हणाली,
"तुमचा आवाज चालू राहू द्या."

काम झाल्यावर आतून डोळा लावून बघितलं.
शेगडी. नोव्हेंबरवर अडकलेलं कॅलेंडर.
त्याच्यापुढं बाहेरचं दार, उघडं,
आणि पायरीवर त्याच्या चपला.
बाहेरच्या खिडकीत आज सोलापूर,
उद्या जेजुरी, परवा शिंगणापूर,
पाटी वाचल्याशिवाय कळत नाही.
ह्या एका खिडकीत गाव बदलणार नव्हतं.

आमच्या घोंगडे वस्तीतल्या घरात
आतलं दार नव्हतंच. चादर होती,
मिलमध्ये नापास झालेली,
मोराची मान विणताना चुकलेली.
रात्री नान्ना पाळीवरून आले
की चादरीत एक सावली जेवायला बसायची.
आम्ही पोरं अलीकडं,
झोपल्याचं सोंग घेऊन
घास मोजायचो.
हे तिला सांगावं असं वाटलं. सांगितलं नाही.

मजुरीत दोनशे कमी दिले
आणि खेळाचा एक पास.
खेळ बघायला मी गेलो नाही.

कापून निघालेली फळी माझ्याच दुकानात राहिली.
शटरशेजारची झडप वर उचलून
तिचा टेकू देतो.
पोकळ आहे, पण धरते.

पुढच्या गड्ड्याला गाडी आली,
त्याच जागी, त्याच विटांवर.
रबर सुटलं का बघावं म्हणून डोकावलो.
दार लागलेलं.
फटीला आतून पडदा,
सोलापुरी टॉवेलची कापलेली पट्टी,
चार खिळ्यांवर ताणून बसवलेली.

एवढी खटपट करून, च्यायला,
असं म्हणणारच होतो,
तेवढ्यात कडीच्या खाली, बरोबर पंजाएवढा,
पडदा हलला.